कडेगावची वाट आणि दातांचा हिशेब

गुहागरहून विजापूरकडे जाणारा महामार्ग कऱ्हाड सोडतो, ओगलेवाडी मागे टाकतो आणि सुर्लीचा घाट चढून माथ्यावर येतो. कृष्णाकाठची भरपूर पाण्याची जमीन खाली राहते आणि कमी पावसाचा मुलूख सुरू होतो. टेंभू योजनेचे पाणी आल्यापासून या मुलखात उसाची हिरवाई दिसू लागली असली, तरी उघडी माळराने आणि ज्वारीची शेते अजूनही त्याची जुनी ओळख सांगतात. याच रस्त्यावर, विट्याच्या अलीकडे, सांगली जिल्ह्यातील कडेगाव आहे.

या गावाला आजारपणाच्या दोन वाटा आहेत. पश्चिमेची वाट घाट उतरून कऱ्हाडला जाते. दक्षिणेची वाट पलूसमार्गे किंवा विटा-तासगावमार्गे सांगली-मिरजेला पोहोचते. गावात साधे दुखणे निभावते, मोठे दुखणे आले, की घरात प्रश्न पडतो तो एवढाच, “कऱ्हाड की मिरज?” आपल्यापैकी अनेकांच्या घरी हा प्रश्न कधी ना कधी विचारला गेला असेल.

त्यांतील मिरजेची वाट विशेष जुनी. डॉ. विल्यम वॉन्लेस हे कॅनडात जन्मलेले मिशनरी शल्यचिकित्सक मिरजेत आले आणि १८९४ साली तेथे त्यांचे रुग्णालय उभे राहिले. तीनच वर्षांनी, १८९७ मध्ये, त्याला वैद्यकीय शिक्षणाची जोड मिळाली. मिरज आणि सांगली यांच्या दरम्यान त्यांनी क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढले. तो परिसर आजही वॉन्लेसवाडी म्हणूनच ओळखला जातो. १९६२ मध्ये मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. डॉक्टरांच्या हाताला गुण होता हे खरेच. पण रुग्णांना तेथवर आणले ते रेल्वेने. पुण्याकडून येणारा, बेळगाव-लोंढ्यावरून गोव्याकडे जाणारा, कोल्हापूरचा आणि पंढरपूरकडचा असे लोहमार्ग मिरजेला एकत्र येतात. कर्नाटकातला किंवा गोव्यातला रुग्ण गाडीत बसून मिरजेला येई, बरा होऊन घरी जाई आणि पुन्हा दुखू लागले, तर त्याच गाडीने परत येई. ‘परत येई’ हे दोन शब्द, वाचकहो, ध्यानात ठेवावेत. पुढील सारे विवेचन त्यांच्याभोवतीच आहे.

आता या वाटांवर एक नवा प्रवासी दिसू लागला आहे. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परदेशी गेलेला मुलगा वा मुलगी, आणि त्यांच्यापाठोपाठ तिकडे स्थायिक झालेले आई-वडील. सुट्टीत ते गावी येतात. सोबत दातांचे, डोळ्यांचे, गुडघ्यांचे साठवून ठेवलेले दुखणे घेऊन येतात. त्याचे कारण उघड आहे. अमेरिकेत ६५ वर्षांवरील नागरिकांसाठी मेडिकेअर ही सरकारी विमा योजना आहे. पण तिच्या मूळ स्वरूपात दात तपासणे, भरणे, काढणे, कवळी बसवणे या नेहमीच्या उपचारांचा समावेश नाही. देशाबाहेर घेतलेल्या उपचारांचा खर्चही ती, थोडे अपवाद वगळता, देत नाही. तिकडे एका दाताच्या इम्प्लांटला काही हजार डॉलर लागतात. तेवढ्या पैशांत विमानाचे तिकीट आणि दातांचे काम दोन्ही होते, असा हिशेब घरोघर मांडला जातो आणि तो वरवर पाहता बरोबरही असतो.

असा प्रवास करणारे आपण एकटे नाही. अमेरिकेतील वृद्ध मंडळी सीमा ओलांडून मेक्सिकोतील लॉस अल्गोदोनेस या छोट्याशा गावी दात करून घेण्यासाठी जातात; त्या गावात दंतवैद्यांची इतकी दाटी आहे, की गावाला ‘दाढांचे गाव’ असेच टोपणनाव पडले आहे. ऑस्ट्रियातील लोक याच कामासाठी हंगेरीच्या मोशोनमॅग्यारोवार या सीमेलगतच्या गावी जातात. मात्र ही दोन्ही गावे सीमेला लागून आहेत. कॅप बोचली, कवळी सैल झाली, हिरडी सुजली, तर रुग्ण पुढच्या आठवड्यात पुन्हा जाऊ शकतो. मिरजेचेही तेच होते. न्यू जर्सीहून कडेगावला आलेल्या आजींना मात्र ही सोय नाही. परतीचे विमान सुटले, की त्यांचा दंतवैद्य वर्षभरासाठी दुरावतो.

म्हणून खर्चाआधी दिवसांचा हिशेब मांडावा. जबडा आपल्या सुट्टीकडे पाहून भरून येत नाही. इम्प्लांटचा स्क्रू हाडात बसवल्यावर हाड त्याला धरण्यास साधारणतः तीन ते सहा महिने लागतात. त्यानंतरच वरचा दात बसतो. म्हणजे बहुतेकांसाठी हे एका सुट्टीचे काम नव्हे. रूट कॅनाल आणि त्यावरची कॅप यांना दोन-तीन भेटी आणि मधे प्रयोगशाळेचे काही दिवस लागतात. पूर्ण कवळीसाठी माप, चाव्याची नोंद, चाचणी आणि बसवणे अशा चार-पाच भेटी होतात आणि नंतर टोचणाऱ्या जागा घासून घेण्यासाठी आणखी एक-दोन. दात नुकतेच काढले असतील, तर हिरड्या आकसत जातात. घाईने केलेली कवळी काही महिन्यांत सैल होते. उरलेले दात काढून टाकले, नवे बसायला वेळ उरला नाही आणि मऊ भात खातच परदेशी परतावे लागले, असे होऊ नये. तिकडचा दंतवैद्य दुसऱ्याने अर्धवट सोडलेले काम हाती घेण्यास बहुधा कचरतो आणि घेतलेच, तर वाचवलेला सारा पैसा तेथे जातो.

यावर उपाय काय? तो कडेगावच्याच एका परंपरेत सापडतो. मोहरमचे उंचच उंच ताबूत ही या गावाची ख्याती. हिंदू आणि मुस्लिम मिळून तो सोहळा पार पाडतात. त्या ताबुतांच्या बांधणीविषयी गावात सांगतात, की आधी कळस, मग पाया. वरचा भाग आधी तयार होतो आणि बांधणी खाली येत जाते. उपचाराच्या प्रवासाची आखणीही अशीच वरून खाली करावी. आधी परतीचा दिवस लिहावा, आणि तेथून मागे मोजत यावे.

समजा, आपल्याला एकवीस दिवस मिळाले आहेत. शेवटचा आठवडा कोणत्याही कामाविना रिकामा ठेवावा. तो तक्रारींसाठी आहे. टोचणे, सुजणे, उंच लागणे हे सारे त्याच आठवड्यात कळते. त्याच्या आधीच्या दिवसांत कॅप किंवा कवळी बसवणे. त्याआधी प्रयोगशाळेचा अवधी. त्याआधी रूट कॅनाल किंवा माप. असे मोजत आले, की पहिली तपासणी गावी पोहोचल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच व्हायला हवी, हे ध्यानात येते. ती तशी व्हायची, तर वेळ तिकडूनच ठरवायला हवी आणि ताजा एक्स-रे आधी पाठवायला हवा. या मोजणीत जे बसत नाही, ते यंदा सुरूच करू नये. इम्प्लांट करायचाच असेल, तर दोन सुट्ट्यांचे काम म्हणून दंतवैद्याशी आधी बोलून घ्यावे.

दातांना लागू असलेला हा नियम इतर शस्त्रक्रियांना तर अधिकच लागू आहे. गुडघा किंवा खुबा बदलल्यानंतर दीर्घ विमानप्रवासात पायाच्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. किती थांबायचे, हे शल्यचिकित्सकाकडून तिकीट काढण्याआधी विचारून घ्यावे. डोळ्याच्या पडद्याच्या काही शस्त्रक्रियांत डोळ्यात वायू भरतात. तो पूर्ण विरेपर्यंत विमानात बसणे डोळ्याला घातक ठरते.

दंतवैद्याच्या खुर्चीत बसण्यापूर्वी तीन गोष्टी न विचारताही सांगाव्यात. पहिली, रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास ते. ते आपल्या मनाने बंद करू नये. दुसरी, मधुमेह आणि अलीकडची साखर. तिसरी गोष्ट पुष्कळदा राहून जाते. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून अलेंड्रोनेटसारखी गोळी किंवा वर्षातून एकदा शिरेतून दिले जाणारे झोलेड्रॉनिक ॲसिड घेतले असेल, तर दात काढल्यावर क्वचित जबड्याचे हाड भरून येत नाही. हे औषध दातांशी संबंधित वाटत नाही, म्हणूनच त्याचा उल्लेख करण्याची जबाबदारी सोबतच्या माणसाने घ्यावी.

निघताना पावतीइतकेच महत्त्व कागदांना द्यावे. कोणत्या दाताला काय केले, एक्स-रे, वापरलेली औषधे. आणि इम्प्लांट असेल, तर कंपनीचे नाव, माप आणि त्याचा क्रमांक. निरनिराळ्या कंपन्यांचे सुटे भाग एकमेकांना बसत नाहीत. ही नोंद हाती नसेल, तर पुढचा दंतवैद्य हतबल होतो.

ज्यांचे कोणी परदेशी नाही, ज्यांचा मुक्काम कायम गावीच आहे, अशा वाचकांना वाटेल, की या साऱ्याशी आपला काय संबंध? आपल्याकडे जे आहे, ते त्या पाहुण्यांकडे नाही. आपल्याकडे वेळ आहे आणि जवळीक आहे. वॉन्लेसवाडीला भारती विद्यापीठाचे दंत महाविद्यालय आहे; त्या संस्थेचे संस्थापक डॉ. पतंगराव कदम याच कडेगाव तालुक्यातील सोनसळचे. सांगलीजवळ कवलापूरला वसंतदादा पाटील दंत महाविद्यालय आहे, कऱ्हाडला कृष्णा विश्व विद्यापीठाचे. अशा महाविद्यालयांत शिकणारे डॉक्टर अध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. एकेका टप्प्याला वेळ लागतो, पण खर्च बराच कमी येतो. एकवीस दिवसांच्या पाहुण्याला हे जमत नाही, आपल्याला जमते. एसटीत ६५ ते ७५ वयाच्या प्रवाशांना निम्मे भाडे आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास विनामूल्य आहे. म्हणजे पाच भेटींचे ओझे खिशावर फारसे पडत नाही. सत्तरीपुढील सर्वांना २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. ते मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घेण्याच्या उपचारांसाठी आहे. कवळी वा कॅप त्यात धरू नये. आणि आपणच मुलांकडे परदेशी जाणार असाल, तर दात इथूनच नीट करून जावे. प्रवास विम्यात बहुधा अचानक उद्भवलेल्या दुखण्यापुरतीच दातांची तरतूद असते.

घरी राहणाऱ्यांसाठी शेवटची एक विनंती. पाहुणे उपचारासाठी येतात, तेव्हा घाटाच्या फेऱ्या, पथ्याचा स्वयंपाक, औषधांच्या वेळा हे सारे घरातल्या वडीलधाऱ्यांवर किंवा एका सुनेवर येऊन पडते. त्या खर्चाची पावती कुणी देत नाही. येणाऱ्यांनी तो हिशेबात धरावा, वाहनाची आणि सोबतीची व्यवस्था स्वतः करावी आणि जमल्यास घरातल्या वृद्धांचे दातही त्याच फेरीत तपासून घ्यावेत. वर्षानुवर्षे एका बाजूने चावत आलेल्या आजोबांना कुणी विचारलेलेच नसते.

उपचार किती पैशांत झाला, हे बिलावरून कळते. तो स्वस्त पडला की महाग, हे कळायला सहा महिने लागतात. ज्वारीची भाकरी दोन्ही बाजूंनी चावून खाता आली, तर हिशेब जुळला असे समजावे.