बोटांच्या बेचक्या

आमच्या कुरुंदवाडजवळ कृष्णा-पंचगंगेचा संगम. २०१९ च्या महापुरात गल्लीभर चिखल झाला. धाकट्याच्या पायाला अजून दर पावसाळ्यात चिखल्या होतात. रात्री खाजवून रडतो. वुजूत बोटांत खिलाल नीट करतो, पण पाय न पुसताच मोजे चढवायचा. आता मोज्यांशेजारी सुती फडकं टांगलंय. बेचक्या कोरड्या केल्याशिवाय मोजे मिळत नाहीत.

घट्ट बुटातही ओल कोंडते. म्हणून यंदा त्याला उभं करून दोन्ही पायांचं माप घेतलं, तेही संध्याकाळी. दिवसभरात पाय किंचित फुगतात. अंगठ्यापुढे बोटाच्या रुंदीइतकी जागा ठेवली. दादी म्हणाल्या, ‘‘दोन ईदी निघतील असे घे.’’ पण सैल बुटात टाच सोलते. थोरल्याचे जुनेही दिले नाहीत. ते त्याच्या पायाच्या वळणाने झिजलेत. दादी दोन दिवस गप्प होत्या.