फाटकाचा मसुदा

चि. बाळ यास,

तुझे पत्र पोहोचले. कॉलनीच्या मागच्या गल्लीच्या तोंडाशी तुम्ही लोखंडी फाटक बसविलेत, रात्री दहाला त्याला कुलूप पडते, खाजगी रखवालदार नेमला आहे, पोलीस ठाण्यातल्या अधिकाऱ्यांनी ‘उत्तम केलेत’ म्हणून शाबासकी दिली, आणि आता या फाटकास महानगरपालिकेची रीतसर मंजुरी मिळावी म्हणून अर्जाचा मसुदा मी करून पाठवावा, असे तू लिहितोस; इतकेच नव्हे, तर या सगळ्या प्रकाराला नागरिक, पोलीस आणि पालिका यांचे आदर्श सहकार्य म्हणतोस. त्या शेवटच्या वाक्याने मी अतिशय अस्वस्थ झालो आहे. मसुदा मी पाठविणार नाही. तुझ्या फीमाफीच्या अर्जापासून आक्काच्या पेन्शनच्या कागदांपर्यंत या घरातले सगळे अर्ज ज्या हाताने लिहिले, त्याच हाताने हा नकार लिहिताना मला सुख होत नाही. परंतु जे लिहिणे मनाला पटत नाही ते भाच्यासाठी म्हणून लिहावे, अशी आपल्या घराची शिकवण नाही.

तुमच्याकडे चोऱ्या झाल्या आणि लोक भयभीत झाले, हे मी जाणतो. आक्का दाराची कडी दोनदोनदा तपासून मग अंथरुणावर पडते, हे वाचून मलाही झोप आली नाही. तरीही विचार कर. ज्या वस्तीकडे फाटकाची पाठ आहे, तिथल्याच बाया पहाटे तुमच्याकडे पोळ्या करावयास येतात. त्यांचे पती दुसऱ्या पाळीचे काम उरकून मध्यरात्री त्याच वाटेने घरी परततात. त्यांना आता केवढा वळसा पडत असेल! अपरात्री तिकडे आग लागली, एखाद्या बाईला प्रसूतिवेदना सुरू झाल्या, तर किल्ली कोणाकडे मागावयाची, आणि रखवालदार डुलकी घेत असला तर दोष कोणाच्या माथी जावयाचा? रस्ता सरकारी असो वा पालिकेचा, तो सर्वांचा असतो. तुम्ही सभा घेतलीत, ठराव केलात, वर्गणी जमविलीत. त्यात वस्तीतल्या एका तरी माणसाला विचारलेत काय?

माझे एक मत ऐकून तुझे कान किटले असतील, तरी ते पुन्हा लिहितो: रहिवासी, पोलीस आणि पालिका यांच्यातला विश्वास शांततेच्या दिवसांत साठवावा लागतो, आणि ज्याचे आपल्याला भय वाटते त्या शेजाऱ्याला बरोबर घेऊनच साठवावा लागतो. हे मी पुस्तकात वाचून म्हणत नाही. भिवंडीतले माझे दिवस तुला ठाऊक आहेत. १९७० च्या मे महिन्यात शिवजयंतीच्या मिरवणुकीपासून तिथे जे घडले, त्याची न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने चौकशी केली. तो अहवाल दप्तरात राहिला, आणि १९८४ च्या मे महिन्यात तेच गाव पुन्हा जळाले. त्या वर्षी तू आक्काच्या कडेवर होतास. यंत्रमाग बंद, संचारबंदी जारी, आणि काल एकाच टपरीवर चहा पिणारी माणसे एकमेकांच्या नजरा चुकवीत आहेत, असे ते गाव होते.

पुढे १९८८ साली सुरेश खोपडे हे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. शांतता समित्या पूर्वीही होत्या. परंतु त्या सणाच्या तोंडावर किंवा दंगल पेटल्यावर भरत, त्यांत गावचे नामांकित पुढारी बसत, आणि संकट टळले की त्या कागदावरच उरत. खोपडे यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यातून समित्या उभ्या केल्या. त्यांत दोन्ही समाजांची साधी, रोज एकमेकांच्या दृष्टीस पडणारी माणसे घेतली. प्रत्येक मोहल्ल्याला ठाण्यातले ठराविक पोलीस नेमून दिले, आणि काही घडो वा न घडो, बैठका नियमाने भरू लागल्या. किरकोळ तंटा तिथल्या तिथे मिटे, अफवा गावभर होण्याआधी तिचा उगम शोधता येई, आणि मुख्य म्हणजे पोलिसाला माणसाचे नाव ठाऊक असे व माणसाला पोलिसाचे. डिसेंबर १९९२ मध्ये बाबरी मशीद पाडली गेली, मुंबई त्या महिन्यात आणि पुन्हा जानेवारीत पेटली. आणि ज्या भिवंडीचे नाव निघताच लोकांच्या मनात दंगल उभी राहत असे, ती भिवंडी शांत राहिली. आशुतोष वार्ष्णेय यांच्यासारख्या अभ्यासकाने पुढे आपल्या ग्रंथात या प्रयोगाची दखल घेतली. मुंबईलाही मग ते सुचले: पोलीस आयुक्त सतीश साहनी, निवृत्त अधिकारी ज्युलिओ रिबेरो आणि सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने तिथे मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली, वस्त्यावस्त्यांतल्या पोरांचे पोलिसांबरोबर क्रिकेटचे सामने झाले. परंतु मुंबईत हे सारे राख सावडून झाल्यावर घडले, भिवंडीत ते आधी घडले होते. बाळ, माझे सारे म्हणणे या एका फरकात आहे.

तू विचारशील, चोरीचा आणि दंगलीचा काय संबंध? संबंध हा की, दोन्ही वेळी पहिला प्रश्न ‘ही हद्द कोणाची’ असा निघतो. तुझ्याच पत्रात लिहिले आहेस की गल्लीतला दिवा कित्येक महिने बंद आहे. अंधारात चोर शिरतो तेव्हा फिर्याद पोलिसांकडे जाते. दिवा मात्र पालिकेचा. पोलीस गृहखात्याच्या अंमलाखाली, पालिका नगरविकास खात्याच्या. ठाण्याची हद्द एक, प्रभागाची सीमा दुसरी. या दोन दप्तरांना एकाच टेबलाशी बसवू शकेल असा तिसरा पक्ष म्हणजे रहिवासी, आणि तुम्ही रहिवाशांनी तर स्वतःभोवती गज उभे केलेत! दिव्यासाठी तुम्ही किती तगादा लावलात? पंचनामा झाला तेव्हा त्या अंधाराची नोंद कोणी करवून घेतली? फाटकाच्या वर्गणीसाठी दारोदार फिरणाऱ्या तरुणांपैकी एकाने तरी प्रभाग कार्यालयात अर्ज देऊन आवक क्रमांक घेतला काय?

पालिकेपाशी आपले काही चालत नाही, असे म्हणू नकोस. घाटकोपरच्या जोशी गल्लीतल्या रहिवाशांनी आपला कचरा आणि आपली गल्ली यांचा भार स्वतः उचलला, आणि त्यातूनच मुंबई महानगरपालिकेची परिसर व्यवस्थापनाची योजना १९९७ च्या सुमारास आकारास आली. गल्लीच्या मंडळाशी बोलावयास पालिकेचा अधिकारी नेमला जाऊ लागला. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने तीन लाख वा अधिक लोकवस्तीच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली, ती १९९३ पासून अंमलात आहे. महाराष्ट्राने २००९ साली मतदारांच्या क्षेत्रसभेलाही कायद्यात जागा दिली. खेड्यांसाठी २००७ च्या १५ ऑगस्टपासून तंटामुक्त गाव मोहीम निघाली. कायद्याच्या पुस्तकात दारे आहेत. ती उघडी आहेत की नाहीत, हे पाहावयासही आपण जात नाही, याची मला खंत वाटते.

म्हणून तुला मसुदा द्यावयाचाच, तर तो निराळा देतो. एक समिती कर. तीत कॉलनीची निम्मी आणि वस्तीची निम्मी माणसे घे; भाडेकरू घे, फेरीवाला घे, आणि बायका पुरेशा संख्येने घे, कारण कोणत्या कोपऱ्यावर कोणत्या वेळी भीती वाटते हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. ठाण्याकडे मोठ्या साहेबांना मागू नकोस. तुमच्या भागाचा हवालदार आणि पालिकेचा कनिष्ठ अभियंता यांना माग, आणि दर महिन्याला ठराविक दिवशी बसा. काय ठरले, कोणी करावयाचे, कधीपर्यंत, हे त्याच बैठकीत लिहून तिन्ही पक्षांच्या सह्या घ्या, आणि पुढच्या बैठकीचा आरंभ त्या कागदाच्या वाचनाने करा. चार पिढ्यांच्या सावलीचे झाड लावणाऱ्याप्रमाणे धीर धर. पहिल्या वर्षी एक दिवा लागला तरी पुष्कळ झाले.

एका गोष्टीला मात्र फार जप. समितीचे सभासदत्व मिळताच काहींना ओळखपत्र गळ्यात अडकवून ठाण्यात ऊठबस करण्याची हौस जडते; मग ते शेजाऱ्यांच्या बातम्या पुरवितात, परवान्यासाठी शब्द टाकतात, आणि वस्तीतल्या पोरांची नावे संशयितांच्या यादीत घालतात. तसे झाले तर ती समिती नसण्याहून वाईट. पोलिसाने समितीकडे कान म्हणून पाहू नये, आणि समितीने पोलिसाकडे आपला पगारी रखवालदार म्हणून पाहू नये. पालिकेच्या चुका ठाण्यावर आणि ठाण्याच्या चुका पालिकेवर ढकलल्या जातील, तेव्हा दोघांनाही नम्रपणे आणि लेखी विचारण्याचे धैर्य तुम्हांला लागेल.

इतके लिहिले, तरी मनातली धास्ती जात नाही. तुझा स्वभाव तापट आहे. वस्तीतला कोणी पहिल्याच बैठकीत फाटकावरून दोन कठोर शब्द बोलला, तर तू ऐकून घेशील ना? अधिकारी बदलतात. आज जो हवालदार नीट बोलतो त्याची वर्षभरात बदली होईल, नवा येईल तो तुमचे कागद वाचील की नाही, आणि तोवर समितीची सवय एवढी पक्की झाली असेल का, की ती माणसावाचून चालावी? सणावारी कोणी अफवा सोडली, पुढच्या चोरीनंतर जमाव गोळा झाला आणि समोर वस्तीतलेच एखादे पोरगे सापडले, तर त्या घटकेस त्याच्या बापाला नावाने हाक मारू शकेल असे तुमच्या कॉलनीत आज कोण आहे? मला एकही नाव सुचत नाही, आणि तुझ्या पत्रावरून तुलाही सुचेल असे दिसत नाही. म्हणून या रविवारीच वस्तीत जा, एकटा जा, आणि त्याआधी फाटकाचे कुलूप काढ. काय झाले ते सविस्तर कळव. आक्काच्या रक्तदाबाचेही लिही.

कळावे, लोभ असावा.

तुझा
मामा