ज्याचें त्याचें पंचांग

एका कामास एकच वस्तु असावी, दोन झाल्या कीं गोंधळ, असें व्यवहारांत मानितात. परंतु कांहीं घरांत व कांहीं धंद्यांत एकाच साधनाच्या अनेक आवृत्त्या एकत्र नांदवाव्या लागतात. आणि तेथें गोंधळ होतो तो संख्येमुळें नव्हे, तर कोणतें काम कोणत्या आवृत्तीनें चालावयाचें हें कोठेंच लिहून न ठेविल्यामुळें.

आमचा पुतण्या मालवणास घरीं बसून पुण्याच्या एका कचेरीचें संगणकाचें काम करितो. त्याच्या साधनसंचास ‘डॉटनेट एसडीके’ म्हणतात. लिहिलेली आज्ञावली यंत्रास चालवितां येईल अशा रूपांत आणणें, हें त्या संचाचें काम. मायक्रोसॉफ्ट कंपनी २०२० पासून दर नोव्हेंबरांत त्याची नवी आवृत्ति काढीत आली आहे. समसंख्येच्या आवृत्तीस तीन वर्षें दुरुस्त्या मिळतात. सहावीची मुदत १२ नोव्हेंबर २०२४ रोजीं संपली, आठवीची १० नोव्हेंबर २०२६ ही ठरलेली आहे. नवी बसविली म्हणून जुनी पुसली जात नाहीं. सहावी, आठवी, दहावी एकाच यंत्रांत शेजारीं शेजारीं राहतात.

मग यंत्र उचलतें कोणती? कांहींच न सांगितल्यास सर्वांत नवी. मात्र कामाच्या फोल्डरांत ‘ग्लोबल.जेसन’ नांवाची छोटी फाइल ठेवून तींत आवृत्ति लिहिली, कीं त्या फोल्डरापुरती व त्याच्या पोटांतील फोल्डरांपुरती तीच चालते. व्याकरण शिकलेल्यांस यांत उत्सर्ग आणि अपवाद यांचाच संबंध दिसेल. आम्हांस तर ती फाइल म्हणजे कामाचा संकल्पच वाटली. कर्मारंभीं संवत्सर, अयन, ऋतु, मास, तिथि यांचा उच्चार होतो, आणि पुढील सारें कर्म त्या उच्चारास बांधलेलें असतें.

ही गोष्ट आमच्या घरीं संगणकापुरतीच राहिली नाहीं. घरांत पूर्वापार टिळक पंचांग; आम्हीं नोकरीच्या गांवीं दाते पंचांग धरिलें व निवृत्तीनंतर तें घेऊन परत आलों. टिळक पंचांग राशिचक्राचा आरंभ रेवतींतील तारेपासून धरितें, दाते पंचांग चित्रेच्या समोरील बिंदूपासून. त्यामुळें पहिल्यांत संक्रान्ति सुमारें चार दिवस आधीं येते, आणि एखादे वर्षीं अधिक मासहि जुळत नाहीं. २०२३ सालीं तसेंच झालें. दात्यांचा अधिक श्रावण टिळक पंचांगांत नव्हता. म्हणून तेथें गणेशचतुर्थी २० ऑगस्ट रोजीं, येथें १९ सप्टेंबर रोजीं.

त्याच्या आदल्याच वर्षीं आमचे थोरले बंधु निवर्तले होते. टिळक पंचांग दरसाल आणणारे तेच. मुंबईकर मंडळींस रजा एकदांच मिळणार, तेव्हां गणपति सप्टेंबरांत आणावयाचा, हें वहिनींनींहि मान्य केलें. पुढें कोणी म्हणालें, “मग आतां तें दुसरें पंचांग आणावयाचें कशाला?” वहिनी कांहीं बोलल्या नाहींत, उठून माजघरांत गेल्या. तेव्हां पुतण्या म्हणाला, “काका, काढून टाकण्यापूर्वीं त्यावर काय चालतें तें पाहूं. आजोबांचें श्राद्ध बाबांनीं नेहमीं त्याच पंचांगानें केलें.” आमचे वडील श्रावण वद्य पंचमीस गेले. ज्या गणनेनें ते जन्मभर चालले, तिनेंच त्यांस पिंड मिळावा, यांत कोणासच शंका नव्हती. पुतण्यानें घरच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलें: ‘सणवार दाते; आजोबांचें व बाबांचें श्राद्ध टिळक.’ वहिनींनीं तें पान दोनदां वाचलें, आणि नव्या सालचें टिळक पंचांग आणावयास त्यांनीं स्वतः पैसे काढून दिले.

जुनें तें सारें कायमचें ठेवावें, असें मात्र यावरून कोणीं समजूं नये. पंचांग दरसाल नवें निघतें. परंतु मुदत संपलेल्या साधनसंचास सुरक्षिततेच्या दुरुस्त्या मिळत नाहींत. म्हणून पुतण्या सहावीवरील कामें एकेक करून दहावीवर नेत आहे. शेवटचें काम हललें कीं सहावी काढणार. टाकावयाचें तें अवश्य टाकावें. पण त्यावर कोणाचें काय अवलंबून आहे, हें आधीं विचारून घ्यावें, आणि जें ठेवावयाचें तें कशासाठीं ठेविलें, हें सर्वांस वाचतां येईल अशा जागीं लिहून ठेवावें.