मलप्रभेच्या काठाने, दुचाकीवरून

बेळगावात राहणारा दुचाकीवाला मोठा नशीबवान. कुठल्याही नाक्यावरून गाडी काढावी, दीड-दोन तासांत डोळ्यांचे पारणे फिटते. चोर्ला घाट उतरून गोव्यात जा, चंदगडवरून तिलारीकडे वळा, आंबोलीचे धुके अंगावर घ्या, नाहीतर लोंढ्यावरून अनमोड घाटाने मोलेम गाठा. पावसाळ्यातल्या रविवारी सकाळी जांबोटी रस्त्यावर उभे राहिलात, तर अर्धे शहर रेनकोट चढवून पश्चिमेला निघालेले दिसेल. मीही त्यांतलाच एक. पण सर्वांत आवडता रस्ता कोणता, असे कुणी विचारले तर मी उलट्या दिशेचे नाव सांगतो. माझा रस्ता घाट उतरत नाही. कणकुंबीपर्यंत जाऊन तो मागे फिरतो आणि मलप्रभेच्या सोबतीने पूर्वेला, थेट कूडलसंगमापर्यंत जातो.

गाडी म्हणाल तर बुलेट वगैरे नाही. प्राध्यापकाला झेपेल अशी साधी दीडशे सीसीची. एकेरी प्रवास सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास, दोन दिवसांचा. पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर ते जानेवारी या काळात निघावे. तेव्हा नदीला पाणी असते, रान हिरवे असते आणि पूर्वेकडचे ऊनही सोसवते.

बेळगावहून जांबोटीमार्गे कणकुंबी साधारण पंचेचाळीस किलोमीटर. इथे माउलीचे देऊळ आहे आणि शेजारी मलप्रभेचा उगम. एवढी मोठी नदी, पण सुरुवात एका शांत तीर्थकुंडातून. गंमत अशी, की म्हादईही याच खानापूर तालुक्यातली. ती पश्चिमेला गोव्यात उतरून मांडवी होते आणि अरबी समुद्राला मिळते. मलप्रभा मात्र पूर्वेला वळते, कृष्णेला मिळते आणि तिचे पाणी बंगालच्या उपसागरात जाते. एका डोंगरावर पडलेल्या पावसाचे दोन थेंब दोन समुद्रांना जातात. कळसा-भांडुरा नाल्यांचे पाणी कुणी घ्यायचे यावरून राज्याराज्यांत जो वाद आहे, तो याच भागातला. लवादाचा निवाडा २०१८ साली आला, तरी वाद मिटलेला नाही. गावातल्या हॉटेलात चहा पिताना मात्र आजूबाजूला मराठी, कोकणी आणि कन्नड अशा तिन्ही भाषा ऐकू येतात आणि चहा सगळ्यांना सारखाच गोड लागतो.

परतताना जांबोटीच्या अलीकडे-पलीकडे हब्बनहट्टीचा मारुती आहे, तोही नदीकाठीच. पुढे खानापूरजवळ असोग्याचे रामलिंगेश्वर. आपल्या वाचकांपैकी निम्म्यांची शाळेची सहल असोग्याला गेलेली असणार, म्हणून जास्त सांगत नाही. सवड असेल तर खानापूरहून नंदगड आणि हलशी करावे. नंदगडला संगोळ्ळी रायण्णाची समाधी आहे. १८३१ साली इंग्रजांनी त्याला इथेच फाशी दिले. हलशी ही कदंबांची राजधानी. तिथल्या भूवराह नरसिंह मंदिराच्या आवारात भर दुपारीही गारवा असतो.

खानापूर सोडले की रस्ता हळूहळू रंग बदलतो. हे बदल मोटारीच्या काचेतून कळत नाहीत, दुचाकीवर नाकाला आणि कातडीला कळतात. आधी ओल्या पाचोळ्याचा वास, तांबडी माती, कौलांची घरे आणि भाताची शेते. मग भात मागे पडतो आणि ऊस येतो. मुगुटखान हुबळी, म्हणजे आपले एम. के. हुबळी, इथे पुणे-बंगळूर महामार्ग आणि नदी एकमेकांना छेदतात. पुलाशेजारी गंगांबिकेचा ऐक्य मंटप आहे. गंगांबिका ही बसवण्णांची पत्नी. महामार्गावरून आपण शंभरदा गेलेलो असतो, पण थांबलेलो नसतो. या खेपेस थांबा. बसवण्णांचा ऐक्य मंटप याच नदीच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि आपण तिकडेच निघालो आहोत.

बैलहोंगलला राणी चन्नम्मांची समाधी. १८२९ साली इंग्रजांच्या कैदेत त्यांचा इथे अंत झाला. बैलहोंगल ओलांडले की काळी माती लागते. ज्वारी, हरभरा, कापूस. झाडे विरळ होतात, आभाळ मोठे होते. हॉटेलातल्या ताटात भात कोपऱ्यात सरकतो आणि जोळद रोट्टी मधे येते. पाट्यांवरची आणि लोकांच्या तोंडची मराठी इथवर कधी विरत गेली ते सांगता येत नाही. अमुक मैलाच्या दगडापर्यंत मराठी आणि पुढे कन्नड, असे या रस्त्यावर कुठेच होत नाही.

आणि विरली म्हणावी, तोच सौंदत्ती येते. यल्लम्माच्या डोंगरावर कोल्हापूर-सांगलीकडच्या गाड्यांची रांग, कपाळभर भंडारा, आणि देवीचा 'उदो' दोन्ही भाषांतून एकदम. जवळच नविलुतीर्थ. दोन डोंगरांमधल्या खिंडीत मलप्रभेवर धरण आहे, १९७२ साली पुरे झालेले. नविलु म्हणजे मोर. संध्याकाळी रेणुकासागराच्या काठी गाडी लावून बसावे. कणकुंबीला ओंजळीत मावणारे पाणी इथे नजरेत मावत नाही.

माझ्या प्रवासाचा पहिला मुक्काम नेहमी रामदुर्गला, कारण ती माझी सासुरवाडी. हेही गाव मलप्रभेकाठचे. कन्नड मुलखाच्या ऐन मध्यात भावे घराण्याचे संस्थान होते, ते १९४८ साली विलीन झाले. माझ्या सासऱ्यांच्या घरी सगळा व्यवहार कन्नडमध्ये. पण माडीवरच्या ट्रंकेत जमिनीची जुनी कागदपत्रे आहेत, ती मोडी मराठीत. घरात कुणालाच ती वाचता येत नाहीत आणि कुणी ती टाकूनही देत नाही.

गेल्या हिवाळ्यात पाठीमागे माझी लेक होती. ती बारावीत. निघण्याच्या आधल्या आठवड्यात ती एका परीक्षेचा फॉर्म भरत होती. मधेच तिने विचारले, "बाबा, मातृभाषा काय लिहू?" रकाना एकच होता. झोपाळ्यावरून माझी आई म्हणाली, "त्यात विचारायचं काय?" आतल्या खोलीत माझी बायको रोट्टी थापत होती. तिचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला. ती काही बोलली नाही. वीस वर्षांच्या संसारात तिने माझ्या आईशी मराठीत, माझ्याशी अर्धे मराठीत आणि लेकीशी कन्नडमध्ये बोलून घर चालवले आहे. तिला कुणी कधी रकाना दिला नव्हता. मी लेकीला म्हटले, "राहू दे दोन दिवस. रामदुर्गला जाऊन येऊ, मग लिही." बायको एसटीने, आम्ही दोघे गाडीवर.

रामदुर्गला पोचल्यावर लेक अज्जीच्या गळ्यात पडली. बेळगावात 'आजी', रामदुर्गात 'अज्जी'. एका जोडाक्षराचा फरक. रात्री जेवताना मायलेकी आणि अज्जी तिघी एकदम बोलत होत्या, हसत होत्या. मला कन्नड समजते, बोलतोही. पण त्या तिघींचे हसणे जिथून येत होते तिथवर माझे कन्नड पोचत नव्हते. माझ्या बायकोला इतके भरभरून बोलताना मी बेळगावच्या घरी क्वचितच पाहिले आहे.

दुसऱ्या दिवशी बदामी आणि तिथून बावीस किलोमीटरवर पट्टदकल. मलप्रभा इथे उत्तरेकडे वळते आणि त्या वळणावर चालुक्यांनी देवळांची मांदियाळी उभी केली. १९८७ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे. विरूपाक्ष मंदिर आठव्या शतकात राणी लोकमहादेवीने नवऱ्याच्या कांचीवरील विजयाप्रीत्यर्थ बांधले. आपल्या वेरूळच्या कैलास लेण्यावर याच मंदिराची छाप असल्याचे अभ्यासक सांगतात. म्हणजे मलप्रभेकाठची घडण मराठी मुलखात गेली आणि आपण ती आपली म्हणून मिरवतो. मिरवावीच.

पुढे ऐहोळे. तिथल्या टेकडीवर मेगुती हे जैन मंदिर आहे. त्याच्या भिंतीवर दुसऱ्या पुलकेशीचा शिलालेख आहे, इसवी सन ६३४चा. कवी रविकीर्ती. भाषा संस्कृत, लिपी जुनी कन्नड. त्यात पुलकेशी हा नव्व्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा स्वामी झाल्याचे लिहिले आहे. मराठीच्या वर्गात 'महाराष्ट्र' या नावाचे जुने उल्लेख शिकवताना मी हा लेख दरवर्षी सांगतो. लेकीला तिथे उभे करून सांगितला. ती भिंतीकडे बघत म्हणाली, "म्हणजे महाराष्ट्राचं नाव लिहिलंय ते कन्नड अक्षरांत?" मी म्हटले, "हो." तिने मोबाइलवर फोटो काढला आणि आईला पाठवला. आजीला पाठवता येत नाही, आजीचा फोन साधा आहे. तिला घरी गेल्यावर दाखवायचे ठरले.

ऐहोळेहून कूडलसंगम तासाभराच्या अंतरावर. कृष्णा आणि मलप्रभा इथे एकत्र येतात. पाण्याच्या मधोमध विहिरीसारखे बांधकाम आहे. पायऱ्या उतरत तळाशी गेले की बसवण्णांचा ऐक्य मंटप. बाराव्या शतकातल्या या माणसाने आपल्या वचनांत कूडलसंगमदेवाचीच नाममुद्रा वापरली. वर येऊन काठावर उभे राहिलो. कृष्णा महाबळेश्वरची, मलप्रभा कणकुंबीची. समोर नुसते पाणी, कुठले कुणाचे ते कळत नाही. पण संगमाच्या पुढे नाव मात्र एकच राहते, कृष्णेचे. लेकीने तेच बोलून दाखवले. "एक नाव जातंच ना, बाबा?" मी उत्तर दिले नाही. ते खरे होते.

घरी आल्यावर तिने रकान्यात 'कन्नड' लिहिले. मला काही वाटले नाही असे म्हणणार नाही. मी मराठी शिकवून पोट भरतो आणि आमच्या वर्गातली बाके दरवर्षी थोडी रिकामी होतात. पण मातृभाषा म्हणजे आईची भाषा, आणि तिच्या आईची भाषा कन्नड आहे, हे मी कोणत्या तोंडाने नाकारणार? माझी आई दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी तिने नातीकडून ऐहोळेचा फोटो मागून घेतला, चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि विचारले, "यात कुठं लिहिलंय महाराष्ट्र?" नातीने बोट ठेवले, ते अंदाजानेच. मग दोघी मराठीतच कितीतरी वेळ बोलत बसल्या. नाव रकान्यात एकच जाते, पण बोलायला बंदी नसते.

निघणाऱ्यांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. पाठीमागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवेच. हिवाळ्यात उसाचे ट्रॅक्टर मागे दिवा न लावता जातात, म्हणून अंधार पडायच्या आत मुक्काम गाठा. खेड्यांतले गतिरोधक रंगवलेले नसतात. पंक्चरचे सामान, पाणी आणि शेंगाचटणी-रोट्टीचा डबा बरोबर ठेवा. रामदुर्गला सासुरवाडी नसल्यास मुक्काम बदामीला करा, तिथे राहण्याची चांगली सोय आहे. आणि शक्य असेल तर मागच्या सीटवर घरातल्या अशा माणसाला न्या, ज्याची पहिली भाषा तुमची नाही. वाटेत रस्ता विचारायचे काम त्याच्याकडे द्या.