खोडलेलं वाक्य

निवेदनाचा मसुदा माझ्याकडे होता. २००९ च्या जूनचा शेवटचा आठवडा, पाऊस लांबलेला. सदाशिव पेठेतल्या आमच्या डाव्या गटाच्या खोलीत बाराजण दाटीवाटीने बसलो होतो. १२ जूनला इराणमध्ये मतदान झालं, राष्ट्राध्यक्ष अहमदीनेजाद हेच प्रतिस्पर्धी मुसावी यांना हरवून ६३ टक्के मतांनी पुन्हा निवडून आल्याचं जाहीर झालं, आणि ‘माझं मत कुठाय?’ असं विचारत तेहरानमध्ये लाखो लोक रस्त्यावर उतरले. २० तारखेला नेदा आगा-सोल्तान ही तरुणी गोळी लागून पडली. व्हिडिओत तिचे उघडे डोळे आम्ही सगळ्यांनीच पाहिले होते.

वाद पेटला तो एका वाक्यावरून : ‘इराणी निदर्शकांच्या बाजूने आम्ही उभे आहोत.’

“हे काढ,” ज्येष्ठ कॉम्रेड म्हणाले. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. तेलाचं राष्ट्रीयीकरण करणाऱ्या मोसादेग यांचं सरकार १९५३ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनच्या हेरखात्यांनी पाडलं, तेही पैसे चारून रस्त्यावर गर्दी उतरवून. इराकचे हाल तर डोळ्यांसमोरच होते. २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेत भारताने इराणविरुद्ध मत दिलं, तेव्हा निषेधाचे फलक आम्हीच रंगवले होते. आणि व्हेनेझुएलाचे डावे अध्यक्ष चावेझ यांनी अहमदीनेजाद यांचं अभिनंदनही करून टाकलं होतं.

“आणि तो मुसावी? १९८८ साली तुरुंगांत हजारोंना फाशी दिलं, तेव्हा पंतप्रधान कोण होता? त्याच्यासाठी सह्या मागतेस?”

तरुण पोरं चिडली. एकीने तेहरानच्या बस कामगारांचे पुढारी मन्सूर ओसानलू यांचं नाव घेतलं. युनियन बांधली म्हणून कामगाराला आत टाकणारं सरकार आपलं कसं, हा तिचा सवाल होता. उत्तर कुणीच दिलं नाही. दोन तासांनी, निवेदन एकमतानेच निघायला हवं म्हणून, मी ते वाक्य पेन्सिलीने खोडलं आणि सही केली.

पुण्यात तेव्हा इराणी विद्यार्थी पुष्कळ. कोंढव्यात राहणाऱ्या एकीच्या प्रबंधाचं इंग्रजी मी तपासून देत असे. टाइप केलेलं निवेदन घेऊन तिच्याकडे गेले. तिने चहा ओतला, साखरेचा खडा दातांत धरला आणि बोट फिरवत वाचू लागली.

“ताई, यात अमेरिका सात वेळा आली. आम्ही कुठे आहोत?”

मग पहिल्यांदाच तिने मामाबद्दल सांगितलं. मामा तुदेह पक्षाचा, म्हणजे आमच्यासारखाच कम्युनिस्ट. खोमेनी अमेरिकेच्या विरोधात आहेत म्हणून क्रांतीनंतर त्याच्या पक्षाने त्यांना पाठिंबा दिला होता. १९८३ मध्ये त्याच राजवटीने पक्षावर बंदी घातली, मामाला पकडलं आणि १९८८ मध्ये फासावर चढवलं. तेहरानबाहेर खावरानला अशा अनेकांना पुरलंय. कबरीवर नाव लावू देत नाहीत. आजी अंदाजाने एका जागी फुलं ठेवायची. २००९ च्याच जानेवारीत त्या जमिनीवरून बुलडोझर फिरवला गेला.

माझ्याच्याने राहवलं नाही. मी मुसावीचं विचारलं.

“आजीला ते तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. तरी रोज रात्री ती गच्चीवर जाऊन निषेध म्हणून ‘अल्लाहू अकबर’ ओरडते. कम्युनिस्टाची आई! मुसावीसाठी नव्हे, ताई. समोरच्या गच्चीवरची पोरगी एकटी पडू नये म्हणून.”

ज्या माणसाला आम्ही कॉम्रेड म्हटलं असतं, त्याच्या मारेकऱ्यांची अडचण होऊ नये म्हणून आम्ही दोन तास घातले होते. हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं, आणि आजही ते मला छळतं. पर्समधून मी मूळ मसुदा काढला. खोडलेलं वाक्य रेघेखाली वाचता येत होतं. मी ते तिला इंग्रजीत सांगितलं. तो कागद तिने घडी घालून ठेवला आणि टाइप केलेला मला परत दिला.

सप्टेंबर २०२२ मध्ये इराणमध्ये महसा अमिनी ही तरुणी पोलिसांच्या ताब्यात असताना गेली, तेव्हा मी पुन्हा निवेदन लिहायला घेतलं. पहिली मागणी, औषधांचेही वांधे करणारे निर्बंध अमेरिकेने उठवावेत. दुसरं, ते जुनंच वाक्य. ज्येष्ठ कॉम्रेडांनी तोच मुद्दा मांडला; आता त्यांचा आवाज थकलाय, पण युक्तिवाद तितकाच पक्का. मी सगळं ऐकून घेतलं. त्यातला इतिहास खरा आहे, असंही म्हणाले. वाक्य मात्र ठेवलं.

पाचच सह्या झाल्या. तो कागद मी तिला पाठवला.