दत्तक एंजिन

माझ्या पुतण्याने बीडच्या भंगारबाजारात एका जुन्या स्कॉर्पिओचे एंजिन हेरून ठेवले आहे. ते आपल्या जुनाट महिंद्रा पिकअपमध्ये बसवावे, असा त्याचा मनोदय. गाडीचे मूळ डिझेल एंजिन प्यूजो जातीचे, २११२ सीसीचे आणि अवघ्या ६२ अश्वशक्तीचे; नव्याची ताकद शंभराच्या वर. गाठीला पैसा बेताचा, आणि तो सगळा एंजिनावरच ओतण्याची त्याची तयारी!

तारुण्याला वेगाचा मोह पडावा, यात नवल ते काय? परंतु याच गाडीतून वहिनी भाजीच्या पाट्या घेऊन मांजरसुंब्याचा घाट उतरून बीडच्या बाजाराला येतात. घाट चढताना एंजिनाचा प्रताप कामी येतो खरा. उतरताना मात्र सारी भिस्त ब्रेकांवर, आणि त्यांची चिरंजीवांनी विचारपूसही केलेली नाही. वेग दीडपट झाला की ब्रेकांना जिरवावी लागणारी ऊर्जा सव्वादोनपट होते. शिवाय क्लच, गिअरबॉक्स, रेडिएटर आहेतच. दत्तक पुत्र पैलवान निघावा आणि घरातला पलंग मोडका असावा, तशातली ही गत!

बरे, हे दत्तकविधान परस्पर उरकता येते असेही नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम असल्या फेरफारांना बंधने घालते. आरटीओच्या मंजुरीवाचून बसवलेले एंजिन कागदोपत्री परकेच.

ब्रेकांचा खर्च मी देऊ केला आहे. अट एवढीच, की ते काम आधी व्हावे. तीन दिवस झाले, स्वारी आमच्याकडे फिरकलेली नाही.