साठा आणि पाळी

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नाशिकला रुजू झाले. आदल्याच वर्षी ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून अभियंता होऊन बाहेर पडले होते. पुढे सिंधमध्ये सक्करला पाणीपुरवठ्याचे काम त्यांच्याकडे आले. सिंधूचे पाणी गढूळ, आणि गाळणी बांधण्याइतका पैसा नगरपालिकेकडे नव्हता. त्यांनी नदीच्या पात्रातच विहीर खोदली आणि वाळूतून झिरपून आलेले स्वच्छ पाणी उचलले.

खडकवासला धरणाच्या सांडव्यावरून पावसाळ्यात पाणी वाहून जाई आणि उन्हाळ्यात टंचाई भासे. भिंतीची उंची न वाढवता त्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवले. ठरावीक पातळीपर्यंत ते पाणी अडवून धरत, पूर चढला की आपोआप उघडत, ओसरला की मिटत. या दरवाजांनी त्यांचे नाव झाले.

त्यांचे त्याहून मोठे काम मात्र नीरा कालव्यावरचे. ते डोळ्यांत भरत नाही, म्हणून त्याचा उल्लेखही कमी होतो. कालव्यालगतचे बागायतदार मन मानेल तसा ऊस लावत. पाणी तिथेच जिरे; जमीन चिबड होई, डास वाढत आणि खालच्या गावांच्या चाऱ्या कोरड्या राहत. विश्वेश्वरय्यांनी गावोगावच्या जमिनीचे गट, म्हणजे ब्लॉक, पाडायला सुचवले. प्रत्येक गटात ऊस ठरावीक हिश्श्यातच घ्यायचा, उरलेल्या जमिनीत कमी पाण्याची पिके, आणि दरवर्षी उसाची जागा बदलायची. बागायतदारांनी कडाडून विरोध केला. पाणी अडवायला दगड-चुना लागतो; वाटायला मात्र ज्याला आज जास्त मिळते त्याचे मन वळवावे लागते, आणि हेच अवघड. त्यांनी शेतकऱ्यांसमोर बसून हिशेब मांडला. दख्खनच्या कालव्यांवर ही ब्लॉक पद्धत पुढे रूढ झाली.

१९०८ साली मुशी नदीच्या महापुराने हैदराबाद उद्ध्वस्त झाले. तेव्हा शहराच्या वर जलाशय बांधून पूर अडवण्याचा सल्ला त्यांनी दिला. १९०९ मध्ये ते म्हैसूर संस्थानचे मुख्य अभियंता झाले आणि कावेरीवरील कृष्णराजसागर धरणाची आखणी केली. त्या धरणावरही स्वयंचलित दरवाजे बसले, आणि मंड्याच्या कालव्यावर ऊस, भात व कमी पाण्याच्या पिकांचे ब्लॉक पडले.